पावणेदोन इंची पाइप

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी आहे असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आधीच मी मांडवामागे जातो आणि आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर कसा चाललाय ते ऐकत उभा राहतो. हिंगोलीत रस्त्याने जाताना एखाद्या डेअरीचा कॉम्प्रेसर ठोकत असेल तर माझी मोटरसायकल आपोआप हळू होते. कोणी बोलावलेलं नसतं, पण आत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही. इतकी वर्षं थंड करण्याच्या धंद्यात काढली, स्वतःचं डोकं काही थंड झालं नाही.

ही खोड जुनी. पण मधले काही महिने तिच्यात एक वेगळी तगमग मिसळली होती, आणि ती एका वाक्यामुळे होती. ते वाक्य मी वारंगा फाट्यावर, पाच माणसांदेखत, चहाचा कप हातात धरून बोललो. "चाचा, मशीन काही तेल पीत नसतं." एवढंच. त्यात कोणाचं नाव नव्हतं. पण त्या मशीनजवळ राहणारा माणूस एकच होता, त्यामुळे नाव घ्यायची गरजही नव्हती.

फाट्याजवळ एका व्यापाऱ्याचं कोल्ड स्टोरेज आहे. मालक कळमनुरीचे, वडिलांपासून फळांचा आणि चिंचेचा व्यापार. वयाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चैत्रात नवी चिंच आली की खोली छताला टेकेपर्यंत भरते. चिंच थंडीत ठेवली तर तिचा रंग टिकतो, बाहेर राहिली तर काळी पडते. मग जसजसं गिऱ्हाईक येईल तसतशी पोती बाहेर पडतात. पावसाळ्यात खोली अर्धी होते आणि हिवाळ्यात एका कोपऱ्यात थोडी पोती आणि सफरचंदाच्या पेट्या उरतात. हे भरणं आणि रिकामं होणं मी मुद्दाम सांगतोय. सगळं उत्तर त्यातच होतं आणि मला ते दिसलं नाही.

त्या स्टोरेजची मशीन, कॉइल, पाइप हे सगळं माझ्या हातचं. तोवर मी दुधाचे कूलर आणि आइस्क्रीमचे फ्रीजर केले होते. एवढं मोठं काम पहिलंच. जागा नाल्याकडेची, पावसाळ्यात पाणी घुसायची भीती, म्हणून चाचा म्हणाले की मशीन खाली नको. शेजारी ऑफिसची दोनमजली इमारत होती. तिच्या गच्चीवर पत्र्याची खोली बांधून कॉम्प्रेसर तिथे बसवला. म्हणजे खाली खोली थंड करणाऱ्या कॉइलमधून परत येणारा गॅस पंधरा फूट उभा चढून मशीनकडे जाणार. कॉम्प्रेसरबरोबर आलेल्या नकाशात त्या चढत्या पाइपाचं माप सव्वा इंच लिहिलेलं होतं. मी पावणेदोन इंची टाकला.

हे का केलं ते सांगतो, कारण असं फक्त आमच्या भागातला माणूसच करेल. मी गोरेगावजवळचा. धंद्याला सुरुवात केली ती विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरण्यापासून. आमच्याकडे दोन माणसं भेटली की पाऊसपाणी विचारून झाल्यावर "लाइन किती इंची टाकली?" हा प्रश्न येतोच, आणि ज्याची जाड असते त्याचा आवाज जरा चढतो. पाइप जाड टाकला की मोटारीवर लोड कमी, पाणी जास्त. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, आम्ही ते घेऊनच वाढतो. नकाशा बघून मी मनात म्हटलं, कंपनीवाल्यांनी तांबं वाचवलंय. चाचांना सांगितलं, एक नंबर वरचा टाकू, मशीन मोकळा श्वास घेईल. चाचा खूश झाले. मी तर पुढचं वर्षभर जो भेटेल त्याला तो पाइप दाखवत होतो.

मशीन सांभाळायला चाचांनी जवळच्या तांड्यावरचा एक माणूस ठेवला. वय माझ्याएवढंच, चाळिशी ओलांडलेलं. शाळा दुसरीपर्यंत. शेती थोडी, ती भाऊ बघायचा. आमच्यात तो ऑपरेटर म्हणूनच ओळखला जायचा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मिस्त्री. त्याने मशीन आवाजावरून ओळखायला किती दिवस घेतले असतील? आठवडासुद्धा नाही. फोन करून सांगायचा, "मिस्त्री, आज जरा घशातून बोलून राहिली," आणि मी जाऊन बघावं तर खरंच झडप कुरकुरत असायची. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि थोडा रागही यायचा, कारण मला तो आवाज ओळखायला कितीतरी वर्षं लागली होती.

कॉम्प्रेसरच्या पोटाला एक गोल काच असते. आत तेल किती आहे ते तिच्यातून दिसतं. निम्म्या काचेपर्यंत असावं. ऑपरेटर रोज सकाळी ती काच बघायचा आणि मशीनच्या खोलीच्या भिंतीवर तेलाच्या डब्याचं झाकण ठेवून खडूने त्याच्याभोवती गोल काढायचा. त्या गोलात तेल जिथवर असेल तिथे आडवी रेघ. ज्या दिवशी माल आत आला त्या दिवशी गोलाखाली चिंचेच्या बोटकासारखी, शेंगेसारखी वाकडी खूण. लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने स्वतःच शोधलेली पद्धत. भिंत भरत गेली. मी एकदा त्याला चिडवलं, "भाऊ, भाकरी थापून राहिले का भिंतीवर?" तो हसला आणि गोल काढत राहिला.

पहिल्याच हिवाळ्यात तेल कमी झालं. तेलाचा दाब कमी झाला की मशीन आपोआप बंद पडते, तशी ती दोनदा पडली. मी तेल टाकलं. नव्या मशीनचं होतं असं, म्हणालो. चैत्रात चिंच भरली, आणि पंधरा दिवसांनी जाऊन बघतो तर काच वरपर्यंत भरलेली. तेल जास्त झालं तरी मशीनला धोका असतो. माझा पारा चढला.

"किती ओतलं तुमी? विचारायचं तरी."

"मी टाकलंच न्हाई, मिस्त्री. आपोआप वर आलं."

"तेल काय आपोआप येतं व्हय?"

मी दोन-तीन लिटर तेल काढून एका रिकाम्या डब्यात भरलं. काढलेलं तेल परत टाकायचं नसतं, म्हणून तो डबा त्याच्याच हातात दिला. घरी न्या, म्हटलं, दाराला, चाकाला, कुठे कुठे लागतं. त्याने नेलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काच रिकामी व्हायला लागली. हिवाळ्यात तर महिन्याला एकदा डबा फोडावा लागत होता. मी साबणाचा फेस घेऊन एकेक जोड तपासला. जिथून गॅस गळतो तिथे तेलाचा डाग पडतो, आणि मला एकही डाग सापडला नाही. कॉम्प्रेसर उघडला, पिस्टनच्या रिंगा बघितल्या, त्या नव्यासारख्या. माझी झोप उडाली होती. जेवताना ताटात बोट फिरवून मी पाइपाची लाइन काढायचो आणि बायको पाणी आणून ठेवायची. त्याच दिवसांत एकदा ऑपरेटर मला भिंतीजवळ घेऊन गेला.

"हे बघा मिस्त्री. माल भरला की तेल वर येऊन राहिलं. माल गेला की खाली जाऊन राहिलं. बाहेर कुठं गेलंच न्हाई ते. आतमंदीच बसून हाय."

मी भिंतीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. दुसरी शिकलेला माणूस मला माझं मशीन समजावतोय, हे मला झोंबलं. "आतमंदी कुठं? चिंचेत?" असं म्हणून मी हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

नंतर आठवड्याभरात तो चहाचा प्रसंग झाला. ऑफिसच्या ओट्यावर चाचा, त्यांचा पुतण्या, दोन हमाल, एक ट्रकवाला आणि मी. ऑपरेटर वर गच्चीवर होता. चाचांनी साधंच विचारलं, "मिस्त्री, हे तेल जातं तरी कुठं?" मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला माझी जीभ वळली नाही, आणि त्याऐवजी ते वाक्य बाहेर पडलं.

पुतण्या दुपारीच तांड्यावर जाऊन आला. ऑपरेटरच्या घरात तेलाचा डबा सापडला. डबा आम्ही वापरायचो त्याच कंपनीचा. आतलं तेल स्वच्छ, पिवळं, नव्यासारखं. काळं पडलेलं नव्हतं, कारण ते खराब झालंच नव्हतं. ऑपरेटर खाली आला. तो चिडला नाही, गोंधळला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मिस्त्रीला विचारा. त्यायनीच दिलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "व्हय, एकदा दिलं होतं. पण ते मागल्या साली."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण त्या "पण"मुळे काय होणार हे मला कळत होतं, आणि मी तो मागे घेतला नाही. चाचांनी आवाज चढवला नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. ऑपरेटरने परत गच्चीवर जाऊन खिशातला खडूचा तुकडा काढून खिडकीत ठेवला, किल्ल्या ठेवल्या आणि गेला.

फाट्यावर गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. जीपची वाट बघणारे, टायरवाले, भज्यांच्या हॉटेलातले, सगळ्यांना दिवसभर काहीतरी चघळायला हवं असतं. तो दिसला की कोणीतरी म्हणायचं, "या, भजे तळायला तेल कमी पडून राहिलं." वाईट मनाने नाही, गंमत म्हणून. पण तो फाट्यावर यायचा बंद झाला. जीप पकडायला तो मागच्या थांब्यापर्यंत शेतातून चालत जायचा, तीन किलोमीटर. एकदा मी त्याला बांधावरून जाताना बघितलं. गाडी हळू केली. तो थांबला नाही आणि मीही हाक मारली नाही. गाडीचा वेग वाढवला, वाढवला म्हणजे इतका की पुढच्या गतिरोधकावर हत्यारांची पेटी उडून रस्त्यावर पडली आणि मी पाने गोळा करत बसलो.

नवा ऑपरेटर आला, आणि तेल तसंच कमी होत राहिलं.

इथे माणसाने थांबायला हवं होतं. मला त्याच महिन्यात कळलं होतं की चोर गेला तरी चोरी चालू आहे, म्हणजे चोर नव्हताच. पण मी स्वतःला सांगितलं, रिंगा झिजल्या असतील. चाचांनाही तेच सांगितलं. नव्या माणसाला फोनवर म्हणायचो, टाका अर्धा डबा. त्याने ओतावं आणि मी दुसऱ्या कामावर पळावं. सेनगाव, औंढा, नांदेड, जिथे बोलावतील तिथे. हिंगोली-नांदेड रस्त्याने फाट्यावरून जावंच लागतं, तेव्हा मी हेल्मेटची काच खाली ओढून घ्यायचो.

चैत्र आला. तीन दिवसांत खोली चिंचेने भरली. बाहेर ऊन मरणाचं, आतला माल गरम, मशीन सलग चालू. चौथ्या दिवशी दुपारी नव्या माणसाचा फोन आला. त्याला बोलायची गरज पडली नाही, फोनमध्येच ठोके ऐकू येत होते. मी म्हणालो, बंद करा. मी पोचलो तेव्हा काच वरपर्यंत भरलेली होती. हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तर झडपांच्या पट्ट्यांचे तुकडे तेलात पोहत होते. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी असतो. त्यात अचानक लोंढ्याने तेल आलं आणि ते दाबलं गेलं नाही, झडपा फुटल्या.

खाली खोलीभर चिंच, आणि दार उघडलं तर गरम हवा आत. मी नांदेडला झडपांची प्लेट आणायला निघालो. त्या रस्त्यात माझ्या डोक्यात तो लोंढा फिरत होता. इतकं तेल एकदम आलं कुठून? नव्या माणसाने त्या आठवड्यात थेंबही टाकला नव्हता. म्हणजे ते आधीपासून आत होतं. अर्धापूरच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि केळीच्या बागेकडे बघत उभा राहिलो. बागेच्या कडेने तीन इंची पाइपलाइन गेलेली होती. ती बघता बघता मला आमचा चढता पाइप आठवला.

पाणी मोटर ढकलते. पण चढत्या पाइपात तेलाला ढकलणारं कोणी नसतं. गॅसबरोबर थोडं तेल नेहमीच मशीनबाहेर जातं, सगळीकडे फिरतं आणि परत यायचं असतं. परत येताना वाफेचा वारा जोरात असेल तरच ते पाइपाच्या अंगाला धरून वर चढतं. वाफ तेवढीच आणि पाइप जाड, तर वारा मंद. सव्वाच्या जागी पावणेदोन म्हणजे आतली जागा दुप्पट, आणि वेग निम्मा. खोली भरलेली असली की मशीन पूर्ण जोराने ओढते आणि तेल कसंबसं वर येतं. खोली रिकामी झाली की ते खालीच बसून राहतं. आतमंदीच बसून हाय. शब्दाला शब्द.

प्लेट आणून बसवली, आणि पाइप उघडता यावा म्हणून मशीन थोडा वेळच चालवून सगळा गॅस टाकीत ओढून घेतला. पाइपावर पान्याने टकटक केली. वर आवाज खणखणीत, तळाशी दबका. तळाचं वळण कापलं, खाली बादली धरली. तेल आलं. येतच राहिलं. एक बादली भरली, दुसरी लावली. कॉइलच्या तळातूनही निथळलं. सगळं मिळून नऊ लिटर. दोन हिवाळे ज्याचा शोध चालला होता ते माझ्या पुढ्यात होतं, पिवळं आणि स्वच्छ.

चाचा कळमनुरीला गेले होते. नवा माणूस पोत्यांवर ताडपत्री टाकत होता. पाठीमागे नाला. खरं सांगायचं तर बादली उचलून मी चार पावलं नाल्याकडे गेलो. पाइप तर बदलायचाच होता, त्याचं कारण काहीही सांगता आलं असतं. तीन तालुक्यांत माझं नाव त्या एका कामावर चालत होतं, आणि लोक आपलं काम देताना म्हणायचे, वारंग्यासारखं करून द्या. मी बादली घेऊन उभा राहिलो. हाताला रग लागली. मग मी वळलो आणि बादली घेऊन गच्चीवर गेलो. का, ते माहीत नाही. खोलीत गेल्यावर कळलं. मला ती भिंत बघायची होती.

दोन वर्षांत मी तिच्यासमोर शंभरदा उभा राहिलो असेन, बघितली त्या दिवशी. ओळीने गोल. रेघ खाली, अजून खाली, मग वाकडी खूण, की रेघ वर. पुन्हा खाली. एखाद्या शिकलेल्या इंजिनियरने आलेख काढला असता तर मी मान डोलावली असती. हे खडूचं होतं म्हणून मी त्याला भाकरी म्हटलं. शेवटच्या गोलानंतर भिंत कोरी होती. लाज वाटली, आणि राग आला, आणि या खेपेला राग ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावरच आला.

चाचा संध्याकाळी आले. मी बादल्या दाखवल्या, कापलेलं वळण दाखवलं, नकाशातलं माप दाखवलं. पाइप मी जाड टाकला, तेल कोणी नेलं नाही, तो डबा म्हणजे याच पाइपातून परत आलेलं तेल होतं. चाचांनी कापलेल्या वळणात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "पाइपाचं चुकलं, ते माणसाचं चुकतं. पण मिस्त्री, मी त्याला तुमच्या बोलण्यावर घालवलं. मी बी दुसऱ्यांदा विचारलं न्हाई." निघताना म्हणाले, "पहिले तुमी जा. मी आलो तर तो मालक आला म्हणून उभा राहील. तुमच्यापुढं बसून बोलंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचा कॅन गाडीला बांधून मी तांड्यावर गेलो. तो शेळ्यांच्या गोठ्याला कूड घालत होता. बायकोने पाणी दिलं. मी सगळं एका दमात सांगितलं. वाटेत पाठ केलेलं होतं, तरी मध्येच अडखळलो. त्याने कॅनचं झाकण काढलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला.

"हेच हाय," तो म्हणाला. मग झाकण लावून कॅन माझ्याकडे सरकवला. "पण इथं काहून आणलं? इथं सगळ्यायला ठाऊकच हाय. फाट्यावर सांगा."

"आत्ता जातो."

"आत्ता न्हाई. आत्ता तिथं चार माणसं असतील. बाजाराच्या दिवशी सांगा."

बाजाराला चार दिवस होते. ते चार दिवस मी कसे काढले ते विचारू नका. नवा पाइप जोडला, सव्वा इंची, नकाशाबरहुकूम, आणि चढ सुरू होतो तिथे तेल साठून एकत्र उचललं जावं म्हणून वळसा दिला. हात कामात होते तोवर बरं होतं. काम संपलं की मी उठायचो, बसायचो, घरचा फ्रीज उघडून बघायचो. बायको म्हणाली, "एवढी तकलीफ होऊन राहिली तर त्याच दिवशी खरं बोलायचं होतं." तिने हे भाजी चिरता चिरता म्हटलं.

बाजाराच्या दिवशी दहाच्या सुमाराला भज्यांचं हॉटेल भरलेलं होतं. चाचा माझ्याबरोबर आले आणि बाकड्यावर बसले. मी कॅन टेबलावर ठेवला. इतक्या लोकांपुढे मी कधी बोललो नव्हतो. सांगितलं. चोरी झालीच नव्हती, तेल पाइपातच होतं, ज्याचं नाव तुम्ही घेता त्याने मला हे हिवाळ्यातच सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. हॉटेलवाल्याने झारा कढईवर आडवा ठेवला. मागून कोणीतरी विचारलं, "मंग पाइप कोणी टाकला होता?"

"मी."

कोणी हसलं नाही. चाचा उठून म्हणाले, "बराबर हाय. अन् त्याला घालवलं मी." मग लोक पुन्हा चहाकडे वळले. बाहेर, जीपच्या पलीकडे, तो उभा होता. आत आला नाही. पण त्या दिवशी त्याने कळमनुरीची जीप फाट्यावरूनच पकडली, पुढच्या सीटवर बसून.

चाचांनी त्याला परत बोलावलं. तो एक दिवस आला, सकाळी, धुतलेल्या शर्टात. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मशीन चालू होती. त्याने डोळे मिटून ऐकलं, मग वाकून काच बघितली. तेल निम्म्यावर होतं. मी म्हणालो, "कामावर या, भाऊ."

"न्हाई. नवा माणूस लागलाय न. त्याच्या पोटावर काहून पाय द्यायचा." तो हे चाचांकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही.

खिडकीत त्याचा खडू अजून होता. त्याने तो उचलला, डब्याचं झाकण शोधलं, शेवटच्या गोलाच्या पुढे जागा सोडून एक गोल काढला आणि बरोबर मध्ये रेघ मारली. मग खडू माझ्यापुढे धरला.

"तुमाला लिहिता येतं. पहिला पाइप कोणी टाकला होता ते लिहा इथं. पुढं कोणी आलं तर त्याला समजंल."

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने चाचांकडे बघितलं. चाचांनी मान डोलावली, तेव्हा त्याने खडू परत घेऊन खिशात टाकला आणि जिना उतरला.